रेषेखालचे महाभारत

महाभारत कोणी लिहून घेतले, हा प्रश्न महाराष्ट्रातील कोणत्याही शाळेत विचारला तर वर्गातले सगळे हात एकदम वर होतील. व्यास सांगत गेले आणि गणपती लिहीत गेला, ही कथा आपण आजीच्या मांडीवर ऐकलेली असते, गणेशोत्सवाच्या आराशीत पाहिलेली असते आणि पुढे आपल्या मुलांना सांगितलेलीही असते. लेखणी क्षणभरही थांबता कामा नये, ही गणपतीची अट. आणि अर्थ उमगल्यावाचून एक अक्षरही लिहायचे नाही, ही व्यासांची उलट अट. लेखक आणि लेखनिक यांच्यातील हा करार इतका मनोहर आहे, की तो मूळ ग्रंथात नसेल अशी शंकादेखील आपल्या मनाला शिवत नाही. परंतु ज्या पुणे शहराने गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप देण्यात पुढाकार घेतला, त्याच शहरात १९३३ साली पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या चिकित्सित आवृत्तीच्या मूळ संहितेत ही कथा नाही. मात्र ती नष्ट केलेली नाही, हेही लगेच सांगितले पाहिजे. ती त्याच ग्रंथाच्या परिशिष्टात, अगदी आरंभी, अक्षरन्‌अक्षर छापलेली आहे.

मूळ संहितेत नाही आणि तरी ग्रंथात आहे, या दोन विधानांच्या मधल्या जागेत पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे सारे कर्तृत्व सामावलेले आहे. एखाद्या समाजाने आपल्या सर्वांत लाडक्या ग्रंथाशी कसे वागावे, याचा तो वस्तुपाठ आहे. आज त्याची आठवण करावीशी वाटते ती केवळ अभिमानापोटी नव्हे. त्या वस्तुपाठाची गरज आज अधिक आहे आणि त्याचा विसरही आज अधिक पडला आहे, म्हणून.

एका वाढदिवसाची संस्था

डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे नाव जुन्या पिढीतील विद्यार्थ्यांना प्रथम भेटले ते 'मार्गोपदेशिके'च्या मुखपृष्ठावर. संस्कृत शिकविण्याच्या पद्धतीत क्रांती करणारा हा शिक्षक पुढे मुंबई विद्यापीठाचा कुलगुरू झाला, प्रार्थना समाजाचा आधारस्तंभ ठरला आणि पोथ्यांच्या शोधार्थ गावोगाव हिंडणाऱ्या त्या काळच्या मोजक्या विद्वानांत अग्रगण्य गणला गेला. ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, त्यांच्या शिष्यांनी आणि चाहत्यांनी त्यांच्या नावाने संस्था स्थापन केली. गुरूला शालजोडी देऊन भागविता आले असते; शिष्यांनी त्याला ज्ञानाचे घर दिले. दुसऱ्या वर्षी डेक्कन कॉलेजात असलेला सरकारी हस्तलिखितांचा प्रचंड संग्रह या नव्या घरात आला. गेओर्ग बूलर यांच्यासारख्या पंडितांनी १८७५-७६ मध्ये काश्मिरातून मिळविलेल्या भूर्जपत्रांवरील पोथ्यांपासून स्वतः भांडारकरांनी जमविलेल्या पोथ्यांपर्यंत अनेक दुर्मीळ वस्तू त्यात होत्या.

अशा संस्थेने पहिलाच संकल्प केला तो महाभारताचा. १ एप्रिल १९१९ रोजी वयोवृद्ध भांडारकरांनी मंगलाचरणाचा श्लोक स्वहस्ते लिहून कामाला आरंभ केला. औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. महाभारताची सचित्र आवृत्ती निघावी म्हणून त्यांनी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. पुढे सरकारे, विद्यापीठे आणि संस्थानिक यांनी आपापला वाटा उचलला. हैदराबादच्या निजामानेही महाभारताच्या प्रकाशनाला आणि संस्थेच्या अतिथिगृहाला देणगी दिली. हिंदूंचा पाचवा वेद शुद्ध स्वरूपात छापला जावा म्हणून एका मुसलमान राज्यकर्त्याने पैसे द्यावेत, यात त्या काळी कोणाला फारसे नवल वाटले नसावे. आज वाटते, यावरून आपण पुढे गेलो की मागे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

ही कल्पना सर्वस्वी नवी होती असे मात्र नाही. मॉरिस विंटरनिट्झ यांनी १८९७ साली पॅरिस येथील प्राच्यविद्या परिषदेत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीची निकड मांडली होती. युरोपातील विद्यापीठीय अकादमींनी ते काम अंगावरही घेतले होते आणि बर्लिनच्या हाइनरिख ल्यूडर्स यांनी १९०८ साली नमुन्याची काही पाने सिद्ध केली होती. मग पहिले महायुद्ध आले आणि तो बेत विरून गेला. युरोपात जे अर्धवट राहिले ते पुण्यात तडीस गेले. आणि ज्याने ते तडीस नेण्याची रीत घालून दिली तो ल्यूडर्स यांचाच शिष्य होता, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे.

गणिताचा विद्यार्थी

विष्णु सीताराम सुकथनकर यांचा जन्म १८८७ चा. केंब्रिजला त्यांनी अभ्यास केला तो गणिताचा. तेथून ते बर्लिनला गेले आणि ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृत व्याकरण आणि भाषाशास्त्र यांत पारंगत झाले. हिंदुस्थानात परतल्यावर काही काळ ते पुराणवस्तुसंशोधन खात्यात होते. १९२५ साली, म्हणजे ज्या वर्षी भांडारकर निवर्तले त्याच वर्षी, त्यांनी महाभारताच्या प्रमुख संपादकपदाची सूत्रे हाती घेतली. त्यांच्या आधी नारायण बापूजी उत्गीकर यांनी १९२३ साली विराटपर्वाची प्रायोगिक आवृत्ती काढून ती देशोदेशींच्या विद्वानांकडे अभिप्रायार्थ पाठविली होती. काम किती अवघड आहे, हे त्या प्रयोगानेच दाखवून दिले होते.

अडचण काय होती, हे समजून घेतले पाहिजे. महाभारताची अशी एक पोथी कोठेच नाही. आहेत त्या शेकडो पोथ्या. काश्मिरी शारदा लिपीतल्या, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ आणि मलयाळम लिपींतल्या. कोणतीही दोन हस्तलिखिते तंतोतंत जुळत नाहीत. एकात दहा श्लोक जास्त, दुसऱ्यात दोन अध्याय कमी. एकात शब्द वेगळा, दुसऱ्यात प्रसंगांचा क्रमच निराळा. एकट्या आदिपर्वाच्या दोनशेहून अधिक पोथ्या ठाऊक होत्या. त्यांतल्या सुमारे साठ प्रत्यक्ष संपादनासाठी वापरल्या गेल्या. साऱ्या प्रकल्पात मिळून १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली, असे संस्थेचा इतिहास सांगतो.

तपासली गेली म्हणजे काय झाले? चौकटी आखलेला एक मोठा कागद घ्यायचा. वरच्या ओळीत प्रचलित पाठाचा एक श्लोक एका चौकटीत एक अक्षर याप्रमाणे लिहायचा. मग एकेक पोथी उघडायची आणि जेथे जेथे अक्षर वेगळे असेल तेथे तेथे त्या पोथीच्या ओळीत, नेमक्या त्याच चौकटीखाली, ते वेगळे अक्षर मांडायचे. एक श्लोक झाला की दुसरा. एक पोथी झाली की दुसरी. असे श्लोक हजारो आणि असे कागदही हजारो. दाक्षिणात्य लिपींतील पोथ्या ताडण्यासाठी तंजावरला आणि बंगाली पोथ्यांसाठी शांतिनिकेतनातील विश्वभारतीत केंद्रे उघडावी लागली. हे काम करणारे शास्त्री आणि लेखनिक कोण होते? अल्प वेतनावर आयुष्य घालविणारी साधी माणसे. त्यांच्या नावांना कीर्ती लाभली नाही. कचेरीतील नोंदवहीत जन्मभर आकडे मांडणाऱ्या कारकुनाला आणि रात्री वह्यांचे गठ्ठे तपासणाऱ्या शिक्षकाला हे काम कोणत्या प्रतीचे आहे ते सांगावे लागणार नाही. फरक इतकाच, की येथे चुकलेले एक अक्षर पुढच्या शंभर वर्षांना चुकवू शकत होते.

काश्मीर आणि केरळ यांची साक्ष

कागद भरले, पण खरा पाठ कोणता, हे ठरवायचे कसे? बहुमताने? सुकथनकरांनी ती वाट नाकारली. एकाच मूळ पोथीवरून उतरविलेल्या पन्नास प्रती म्हणजे पन्नास साक्षीदार नव्हेत. ती एकाच साक्षीदाराची पन्नास वेळा केलेली पुनरुक्ती होय. न्यायालयात जसे साक्षीदारांचे परस्परसंबंध पाहतात तसे त्यांनी पोथ्यांचे कूळ पाहिले. उत्तरेची एक परंपरा आणि दक्षिणेची एक परंपरा, त्यांच्या पुन्हा लिपिवार शाखा. ज्या दोन शाखांचा एकमेकींशी संपर्क येण्याचा संभव नाही त्या दोघी जर एकच पाठ सांगत असतील, तर तो पाठ दोघींच्या फुटण्याआधीचा, म्हणजे जुना, मानावयाचा.

आणि येथे एक विलक्षण गोष्ट उघड झाली. हिंदुस्थानच्या उत्तर टोकाला काश्मीर, दक्षिण टोकाला केरळ. मध्ये शेकडो कोसांचे अंतर, लिप्या भिन्न, लेखक एकमेकांना अपरिचित. तरीही शारदा पोथ्या आणि मलयाळम पोथ्या पुष्कळ ठिकाणी एकमेकींशी जुळत होत्या. आणि मधल्या, रहदारीच्या प्रदेशांतील पोथ्यांत जी भर पडलेली दिसे तिच्यापासून या दोन्ही टोकांच्या पोथ्या बऱ्याच अंशी मुक्त होत्या. वर्दळीच्या पेठेतला माल हाताळून हाताळून बदलतो, कडेच्या खेड्यात तो तसाच राहतो, तसेच हे. देशाच्या एकात्मतेविषयी आपण पुष्कळ भाषणे ऐकतो. काश्मीर आणि केरळ यांनी एकाच श्लोकाच्या एकाच अक्षराविषयी न ठरविता दिलेली ही साक्ष त्या सगळ्या भाषणांहून बोलकी आहे.

वजाबाकीचे शास्त्र

या रीतीने जे हाती आले ते लोकप्रसिद्ध 'लक्ष श्लोकां'हून बरेच लहान होते. हरिवंश वगळता चिकित्सित संहिता सुमारे ७४ हजार श्लोकांची आहे. म्हणजे हे शास्त्र प्रामुख्याने वजाबाकीचे ठरले. आणि आपला समाज तर बेरजेवर प्रेम करणारा! जे जे उत्तम वाटले ते ते महाभारतात घालावे, ही आपल्या पूर्वजांची वृत्ती. त्यामागे लबाडी नव्हती, प्रेमच होते. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात असे दिसले की कथेकऱ्याने प्रसंग वाढवावा, पुढच्या नकलकाराने तो समासात टिपून ठेवावा आणि त्याच्या पुढच्याने समासातला मजकूर मूळ मजकूर समजून आत ओढावा, असे शतकानुशतके चालले.

द्रौपदीची दोन उदाहरणे पाहा. स्वयंवरात कर्ण धनुष्याकडे जातो आणि 'मी सूतपुत्राला वरणार नाही' असे द्रौपदी भर सभेत सांगते, हा प्रसंग आपल्या नाटक-कादंबऱ्यांतील कर्णाच्या शोकांतिकेचा जणू पायाच आहे. चिकित्सित संहितेत द्रौपदीचे ते वाक्य नाही. मोजक्या पोथ्यांतील भर म्हणून ते तळटीपेत गेले आहे. वस्त्रहरणाच्या प्रसंगी द्रौपदी कृष्णाचा धावा करते, हेही असेच. फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन पंडिताने संपादिलेल्या सभापर्वात वस्त्रामागून वस्त्र निघत राहते, पण कृष्णाला मारलेली हाक मूळ संहितेत नाही. ज्या भाविकाने ही हाक कीर्तनात ऐकून डोळे पुसले आहेत त्याला हे वाचून दुःख होणे स्वाभाविक आहे. पण दुसऱ्या बाजूने विचार करावा. हाक नसलेल्या त्या सभेत द्रौपदी अधिक एकटी आहे. 'आधी स्वतःला हरलेल्या पतीला मला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय?' हा तिचा प्रश्न तेथे अधिक धारदार होतो, आणि खाली मान घातलेल्या भीष्म-द्रोणांना चमत्काराची पळवाट उरत नाही. इरावती कर्वे यांनी १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या 'युगान्त'मध्ये महाभारतातील माणसे इतकी निखळ माणसे म्हणून उभी केली ती याच आवृत्तीच्या आधारे, हे मराठी वाचकाने विसरू नये.

परंतु खरी गोष्ट याच्याही पुढची आहे. या आवृत्तीचे कोणतेही पान उघडावे. वर मोठ्या टाइपात संहिता आणि तिच्याखाली एक आडवी रेषा. रेषेखाली बारीक टाइपात पाठभेदांची दाटी. कोणत्या पोथीत कोणते अक्षर वेगळे आहे, कोणत्या पोथीने कोणता जादा श्लोक दिला आहे, ते सगळे. लहान भर असेल तर ती ताऱ्याची खूण करून तेथेच दिली आहे. मोठी असेल तर परिशिष्टात. आणि वरच्या संहितेतसुद्धा ज्या शब्दाविषयी संपादकाची खात्री नाही त्याच्याखाली नागमोडी रेघ ओढली आहे. जे नाकारले ते फेकले नाही. जे स्वीकारले त्याविषयी जेथे संशय होता तेथे तो लपविला नाही. संपादकाचा निकाल ज्याला मान्य नसेल त्याला त्याच पानावर निकालाविरुद्धचा सगळा पुरावा हाती दिलेला आहे. याहून निर्मळ बौद्धिक व्यवहार कोणता असू शकेल?

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

आक्षेप आले नाहीत असे नाही. आणि ते सगळेच अडाणी होते असेही नाही. फ्रान्सचे थोर पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांचे म्हणणे असे, की नीलकंठाचा रूढ पाठच मूळ म्हणून छापावा आणि पाठभेद खाली द्यावेत. कारण संपादकाने घडविलेला पाठ जसाच्या तसा कोणत्याही पोथीत सापडत नाही, तो एका अर्थी कृत्रिम होय. या आक्षेपात तथ्य आहे. सुकथनकरांनी आपण व्यासांचे मूळ शब्द शोधून काढले असा दावा कधीच केला नाही. उपलब्ध पोथ्यांच्या साहाय्याने जितके मागे जाता येते तितके मागे जाऊन सापडलेले रूप, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पुढे अधिक चांगली साधने मिळाली तर हा निर्णय बदलावा लागेल, हे त्यांनी गृहीतच धरले होते.

आणि साधन मिळाले! आदिपर्व छापून झाल्यावर नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांच्या संग्रहातील आदिपर्वाची एक अतिशय जुनी पोथी पुढे आली. १९३९ साली सुकथनकरांनी तिचे परीक्षण प्रसिद्ध केले. ज्या अनेक ठिकाणी त्यांनी प्रचलित पाठ बाजूला सारून तर्काने जुना पाठ बसविला होता तेथे या पोथीने त्यांच्या बाजूने साक्ष दिली. न पाहिलेल्या ग्रहाची जागा गणिताने सांगावी आणि दुर्बिणीत तो त्याच जागी दिसावा, तसा हा प्रकार. केंब्रिजचे गणित वाया गेले नव्हते.

दुसरा आक्षेप भावनेचा. पाश्चात्त्यांची ही रीत. आपल्या श्रद्धेच्या ग्रंथाला ती का लावावी? याचे उत्तर गोदावरीच्या काठी मिळते. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ च्या सुमारास, पैठणच्या एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून तिचा पाठ शुद्ध केला, आणि यापुढे कोणी तीत आपली ओवी घुसडू नये असे निक्षून बजावले. आपल्या भक्तीच्या ग्रंथातून इतरांची भर काढून टाकण्याचे धैर्य नाथांना आले ते भक्तीतूनच. त्याच नदीच्या काठच्या कोपरगावच्या चतुर्धर घराण्यातील नीलकंठ सतराव्या शतकात काशीत बसून महाभारतावर टीका लिहीत होता. त्यानेही निरनिराळ्या प्रांतांतील पोथ्या जमवून त्यांतून उत्तम पाठ निवडल्याचे नमूद केले आहे. म्हणजे पोथी पोथीशी ताडून पाहणे ही परकी सवय नव्हे. बर्लिनने तिला शास्त्राची शिस्त दिली, इतकेच. ग्रंथावर प्रेम करणे आणि ग्रंथ तपासणे यांत वैर आहे, ही समजूत मात्र अलीकडची आणि अनाठायी आहे.

सत्तेचाळीस वर्षे

सुकथनकरांनी आदिपर्व आणि आरण्यकपर्व स्वतः संपादिले. विराटपर्व लाहोरच्या रघुवीर यांच्याकडे आणि उद्योगपर्व ढाक्याच्या सुशीलकुमार डे यांच्याकडे दिले. महाभारताच्या अर्थाविषयी चार व्याख्याने देण्याचे त्यांनी मुंबईत स्वीकारले होते. तीन झाली, चौथे व्हायचे होते तोच २१ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. आयुष्यभर अक्षरे मोजणारा हा माणूस अखेरीस अर्थाकडे वळला होता. अर्थ सांगण्याचा अधिकार अक्षरे मोजल्यावरच येतो, ही त्या जीवनाची शिकवण आहे. ती व्याख्याने १९५७ साली ग्रंथरूपाने निघाली.

श्रीपाद कृष्ण बेलवलकर यांनी साठी उलटल्यावर ही धुरा खांद्यावर घेतली आणि १९६१ पर्यंत ती वाहिली; नंतर परशुराम लक्ष्मण वैद्य आले. रामचंद्र नारायण दांडेकर, हरि दामोदर वेलणकर, रघुनाथ दामोदर करमरकर अशा पंडितांनी एकेक पर्व उचलले. मध्ये दुसरे महायुद्ध झाले, फाळणी झाली. लाहोर आणि ढाका ही दोन्ही नगरे सीमेपलीकडे गेली. काम थांबले नाही. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते पुण्यात पूर्ण आवृत्तीचे प्रकाशन झाले. अठरा पर्वे, १९ खंड. १९१९ ते १९६६; सत्तेचाळीस वर्षे! ज्यांनी बी पेरले त्यांतल्या बहुतेकांनी फळ पाहिले नाही, आणि आपण पाहणार नाही हे त्यांना पेरतानाच ठाऊक असावे.

या फळाचा आस्वाद मग जगाने घेतला. शिकागोचे व्हान ब्यूटेनेन यांनी १९७३ पासून याच संहितेवरून इंग्रजी भाषांतर सुरू केले. विवेक देवराय यांनी २०१० ते २०१४ या काळात संपूर्ण संहिता दहा खंडांत इंग्रजीत आणली. जपानच्या मुनेओ तोकुनागा यांनी ती संगणकात उतरविली आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी तिची शुद्धी केली. आज कोणताही विद्यार्थी घरबसल्या तिच्यातला शब्दन्‌शब्द शोधू शकतो.

एक जानेवारी अशीही

परंतु या संस्थेच्या चरित्रात ५ जानेवारी २००४ हाही एक दिवस आहे. शिवछत्रपतींविषयीच्या एका परदेशी लेखकाच्या पुस्तकात लेखकाने साहाय्याबद्दल संस्थेचे आभार मानले होते. त्या पुस्तकातील आक्षेपार्ह मजकुराबद्दल संतापलेला जमाव संस्थेत घुसला. कपाटे फोडली गेली, ग्रंथ आणि हस्तलिखिते जमिनीवर विखुरली, जुन्या वस्तूंची नासधूस झाली. पुस्तकातील मजकूर निषेधार्ह होता की नव्हता, हा येथे प्रश्नच नाही. शिवरायांविषयी कोणी खोटे लिहिले असेल, तर ते खोटे ठरविण्यासाठी लागणारा पुरावा कोठे मिळणार? अशाच कपाटांत. कपाट फोडणाराने आपल्या बाजूचाच साक्षीदार जखमी केला.

रेषेच्या वर काय असावे याविषयी मतभेद असले तर रेषेखाली आपला पाठ नोंदवावा, पुरावा द्यावा आणि वाचकावर निर्णय सोपवावा, ही पद्धत त्याच इमारतीत सत्तेचाळीस वर्षे पाळली गेली होती. त्या दिवशी रेषाच पुसण्याचा प्रयत्न झाला. त्यानंतर अनेक अभ्यासक आणि नागरिक विखुरलेली पाने गोळा करायला आपण होऊन आले, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

आपला हिशेब

त्या घटनेला आता दोन दशके उलटून गेली आहेत. दंगेखोरांना दोष देऊन आपली सुटका होणार नाही. सुशिक्षितांचा हिशेबही मांडला पाहिजे. आज सत्तेचाळीस वर्षे चालेल असे काम कोणी अंगावर घेईल काय? अनुदाने मोजक्या वर्षांची, अहवाल दरवर्षीचे, पदे हंगामी. पोथी वाचता येणारे, मोडी किंवा शारदा लिपी जाणणारे तरुण घडवायचे तर त्यांच्या पोटाची हमी कोणी तरी घेतली पाहिजे. कपाटांतील पोथ्यांची छायाचित्रे घेऊन संगणकात साठविणे उत्तमच. पण छायाचित्र वाचणारा डोळा तयार झाला नाही तर आपण केवळ एक कपाट बदलून दुसरे आणले असे होईल. महाविद्यालयांतील मराठीच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना पाठचिकित्सेचा अनुभव प्रत्यक्ष मिळाला पाहिजे. एखाद्या अभंगाच्या चार प्रती समोर ठेवून 'यांतला जुना पाठ कोणता आणि का?' एवढा एक प्रश्न सोडवायला दिला, तरी दहा व्याख्यानांचे काम होईल.

आणि हे केवळ पंडितांपुरते नाही. दररोज सकाळी आपल्या हातातील दूरध्वनीवर मजकूर येतो. त्याच्या खाली कोणा थोर पुरुषाचे नाव असते, इतिहासाचा दाखला असतो आणि पुढे पाठविण्याची विनंती असते. आपण तो पुढे पाठवितो. जाता जाता कोणी त्यात एक ओळ घालतो, कोणी एक विशेषण वाढवितो. जुन्या नकलकाराला महाभारतात एक अध्याय घुसवायला शतक लागे. आपल्याला एक दुपार पुरते. पन्नास जणांनी पाठविले म्हणून ते खरे, असे आपण मानतो. आणि ही पन्नास साक्षीदारांची साक्ष नसून एकाच साक्षीदाराची पन्नास वेळा झालेली पुनरुक्ती आहे, हे सुकथनकरांचे पहिले सूत्र विसरतो.

गणपतीची कथा आपण मुलांना अवश्य सांगावी. ती सुंदर आहे आणि सांगण्यासारखी आहे. फक्त सांगून झाल्यावर एक वाक्य जोडावे: ही कथा सगळ्या पोथ्यांत नाही, नंतर कोणी तरी प्रेमाने घातली असावी. मुलाचा आनंद त्याने कमी होणार नाही. उलट 'कोणत्या पोथीत आहे?' असे त्याने विचारले, तर व्यासांनी आपल्या लेखनिकाला घातलेली अट त्याने पाळली असे होईल. समजल्याशिवाय लिहायचे नाही, हीच ती अट. ती परिशिष्टातली असली, तरी आपल्या साऱ्या व्यवहारात रेषेच्या वर ठेवण्याजोगी आहे.